समरकंदचा अर्धा पियाला

मी समरकंदला गेले ते परतीची दोन तिकिटं घेऊन. एक माझं आणि दुसरं माझ्या नातीचं. गौरी दोन महिन्यांपूर्वीच तिथं डॉक्टर व्हायला गेली होती, आणि रोज फोनवर "हाव, जेवले. हाव, बरी हाय," एवढंच सांगून फोन ठेवत होती. तिच्यासोबत राहणाऱ्या अर्धापूरच्या स्नेहलनं शेवटी चोरून कळवलं, "आजी, ही दोन हप्ते झाले कॉलेजातच येईना. दार लावून बसायली."

झालं. माझ्या मुलानं, बसवराजनं, दुकानातल्या डाळीच्या पोत्याला टेकून मला सांगितलं, "अव्वा, तू जाऊन तीन आठवडे बस तिच्यापाशी. रमली तर राहू दे. न्हाई रमली तर संग घेऊन ये. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं! अडुसष्ट वर्षांत हे वाक्य मला कोणी पहिल्यांदाच म्हटलं, आणि तेही असल्या बाबतीत. पोरीला आणलं तर "आजीनं शिक्षण बुडवलं", ठेवलं आणि तिचं काही बिनसलं तर "आजीला कळू नये?" मला पाठवायचं कारण एकच. घरात पासपोर्ट फक्त माझ्याकडं होता. पशुपतिनाथाच्या यात्रेला निघाले तेव्हा गल्लीतल्या एका शहाण्यानं सांगितलं होतं की नेपाळला पासपोर्ट लागतो. लागत न्हाई. पण काढून ठेवला होता.

ज्यांनी लातूर पाहिलं न्हाई त्यांना सांगते. आमच्या गावात डॉक्टर होण्यासाठी आख्ख्या मराठवाड्यातून लेकरं येतात, खोल्या करून राहतात, सायकलीवर पुस्तकांचं ओझं घेऊन फिरतात. आणि आमच्या घरची पोरगी थोडे मार्क कमी पडले म्हणून तेच शिकायला परदेशात गेली. जाताना तिची आई रडली, बाप रडला. मी रडले न्हाई. मी तिच्या बॅगेत कारळाची चटणी कोंबत होते.

विमानतळ

प्रवासात सांगण्याजोगं एवढंच झालं. आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, आणि ते जिवात जीव असेतो अंगावेगळं करायचं न्हाई. ताश्कंदच्या विमानतळावर कमानीतून गेले की कमान ओरडायची. गणवेशातली पोरगी डबीकडं बोट दाखवून काढा म्हणायची. मी हात जोडायची. ती पुन्हा बोट दाखवायची. मग मी डबी न काढता नुसती उघडली. तिनं आत डोकावून पाहिलं, आपल्या गळ्यातला ताईत बाहेर काढून मला दाखवला आणि हसून सोडून दिलं.

पण पुढच्या टेबलावर बॅग उघडली, आणि निघाली विभूतीची पांढरीफटक वडी. साहेबानं ती खरवडली, हुंगली आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं काही आजपर्यंत माझ्यासारखीला पकडायचंच राहून गेलं होतं. मी वडीवर तीन बोटं घासली आणि कपाळावर पट्टे ओढले. साहेबानं आपल्या दोस्ताला बोलावलं. त्यालाही ओढून दाखवले. त्यानंतर ज्वारीचं पाच किलो पीठ आणि लोखंडी तवा निघाला, तेव्हा दोघांनी काही विचारलंच न्हाई. थकले असावेत.

पहिला चहा

समरकंदला गौरी स्टेशनवर आली होती. गालाची हाडं वर आलेली. "अज्जी," म्हणून गळ्यात पडली आणि माझ्या खांद्यावर नाक पुसलं, जसं चार वर्षांची असताना पुसायची.

हॉस्टेल भरलं म्हणून या दोघी पोरी एका बाईच्या घरी भाड्यानं राहत होत्या. मधे अंगण, अंगणावर द्राक्षाचा मांडव, पानं पिवळी पडून गळायला लागलेली. कोपऱ्यात मातीचा तंदूर. घरमालकीण माझ्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हसली की पुढचे चार दात सोन्याचे. तिचं नाव मुहब्बत. मी तिला तीनदा विचारलं. खरंच मुहब्बत. पोरी तिला मुहब्बत-आपा म्हणायच्या.

तिनं मला हाताला धरून अंगणातल्या चौथऱ्यावर बसवलं, समोर दस्तरखान पसरलं, त्यावर बदाम, बेदाणे, नान. मी मनात म्हटलं, वा! मग चहा आला. बिनदुधाचा, हिरवा. तिनं बिनकानाच्या पेल्यात, म्हणजे पियाल्यात, चहा ओतला आणि परत किटलीत टाकला. पुन्हा ओतला, पुन्हा किटलीत. असं तीनदा. मला वाटलं, द्यावा की न द्यावा याचा विचार करून राहिली. शेवटी दिला. पियाल्याच्या तळाशी, अर्ध्याच्याही खाली.

लातूरला आम्ही पाहुण्याला चहा देतो तो बशीत सांडेपर्यंत. कप थोडा कमी भरला तर पाहुण्याची बहीण वर्षभर सगळ्यांना सांगत फिरते.

गौरी माझ्या कानाशी लागली. "पाहिलीस ना? पहिल्या दिवसापासून असंच हाय. अर्धाच देती. आम्ही नकोत तिला."

"बदाम तर ओंजळभर ठेवले."

"ते दाखवायला."

मला पटलं. खोटं कशाला सांगू? वय झालं म्हणजे शहाणपण येतं असं लोक म्हणतात, त्यांनी मला त्या चौथऱ्यावर पाहायला हवं होतं. ती दोन घोटाची भीक मी एका दमात प्याले, पियाला ठेवला आणि उठले. मुहब्बत-आपा किटली हातात धरून तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की हिला चहा कसा द्यायचा ते दाखवू. पोरींच्या खोलीतल्या विजेच्या शेगडीवर आलं ठेचून, दूध घालून, साखर मुठीनं टाकून चहा केला. तिला बोलावलं. ती नवा रुमाल बांधून आली. मी सगळ्यात मोठा मग घेतला आणि काठोकाठ भरला, इतका की उचलताना सांडावा. "घ्या," म्हटलं, "लातूरचा चहा!"

तिनं मगाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग दाराकडं. घाईघाईनं प्याली, जीभ भाजली, डोळ्यात पाणी आलं, उठली, छातीवर हात ठेवून वाकली आणि गेली. पाच मिनिटंसुद्धा बसली न्हाई.

"लई तोऱ्याची हाय," मी म्हणाले.

"मी सांगितलं होतं," गौरी म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. पुढं दोन दिवस मुहब्बत-आपा आमच्या खोलीकडं फिरकली न्हाई.

बाजार

गौरीला उठवून बाहेर काढायचं म्हणून मी तिला रोज कुठंतरी न्यायची. ती मला समरकंद दाखवायची सोडून मीच तिला दाखवत होते. त्या प्रचंड निळ्या कमानींसमोर उभी राहिले तेव्हा मला आमच्याजवळचं बिदर आठवलं. माझ्या माहेराहून, निलंग्याहून, आम्ही लहानपणी तिथं बैलगाडीनं जायचो. तिथल्या पडक्या मदरशाच्या भिंतीवर असेच निळे तुकडे उरलेत, दात पडलेल्या तोंडात एखादा दात उरावा तसे. इथं ते तोंड आख्खं होतं. मी गौरीला म्हटलं, "हे पाहा, इथले गवंडी आपल्याकडं येऊन गेले असतील." ती म्हणाली, "मग परत कामून आले न्हाईत?" पोरगी दुःखातही वाकडं बोलते हे पाहून मला बरं वाटलं.

बाजारात तर मी जणू घरीच आले. निलंग्याला आमच्या गल्लीत बांगड्या भरणारी एक खाला होती, तिच्या ओट्यावर मी दखनी उर्दू शिकले. ती भाषा इथं कामाला आली. बाजार म्हणजे बाजार. नमक म्हणजे नमक. मेहमान, हप्ता, दर्द, गरम, सगळं ओळखीचं. गोश्तसुद्धा, आणि त्याची मला फार गरज होती, कारण इथं भोपळ्याच्या समोशातही काय असेल याचा भरवसा न्हाई. मी प्रत्येक गाड्यावर "गोश्त?" विचारून दोन्ही हात जोरात हलवायची. तिसऱ्या दिवशी समोसेवाल्या बायका मला दुरून पाहिलं की आधीच हात हलवायला लागल्या.

एक बाई लहान बाळाची ढकलगाडी घेऊन चालली होती, वर दुपटं पांघरलेलं. थंडी होती. मला राहवलं न्हाई. "अगं माय, कुणाचं गं बाळ," म्हणत मी दुपटं उचललं आणि पापा घ्यायला वाकले. आत बारा नान होते, गरम, मधोमध नक्षीचा ठसा मारलेले. इथल्या बायका नान असेच विकायला नेतात. गौरी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली असं स्नेहलनं नंतर सांगितलं. मी त्यातला एक नान विकत घेतला आणि घरी येऊन पालथा ठेवला. स्नेहल धावत आली आणि तो सुलटा करून ठेवला. "आजी, पालथा न्हाई ठेवायचा. इथं लई वाईट मानतात."

भाकरी

पाचव्या दिवशी मला भाकरीची आठवण अनावर झाली. परातीची जागा पोरींच्या प्लास्टिकच्या टबानं घेतली. तवा माझा होताच. विजेच्या शेगडीचा जाळ कसला, नुसती लाल झालेली तार. पण मी बसले खोलीत दाराशी आणि थापायला लागले.

भाकरी थापण्याचा आवाज तुम्हाला माहीत हाय. तो आवाज भिंतीपलीकडं गेला आणि मुहब्बत-आपाचं डोकं दारातून आत आलं. मग सगळी आत आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, माझ्या हातांकडं बघत. माझ्या हातातली भाकरी फिरत फिरत मोठी होत गेली तशी तिची मान फिरत गेली. शेवटी तिनं पीठ बोटांत घेऊन चोळलं, हुंगलं आणि स्वतः गोळा घेतला. तिची भाकरी मोडली. दुसरी मोडली. तिसरी मी उचलायच्या आधी तीच मोठ्यानं हसली आणि मला ओढून तंदुरापाशी घेऊन गेली.

माझी ज्वारीची भाकरी समरकंदच्या तंदुरात चिकटली न्हाई, राखेत पडली. ती दोघींनी राख झटकून खाल्ली, वर कारळाची चटणी. मुहब्बत-आपाच्या नाकातून पाणी आलं, तरी ती "खूब, खूब" म्हणत होती. मग ती किटली घेऊन आली.

आणि पुन्हा पियाल्याच्या तळाशी दोन घोट, मलाही आणि मागून येऊन बसलेल्या गौरीलाही.

यावेळी मला राग आला न्हाई, कुतूहल आलं. जी बाई राखेतली भाकरी माझ्याबरोबर खाते ती चहाला कंजूष कशी? मी स्नेहलला हाक मारली. तिच्या मोबाईलमध्ये एक सोय हाय, आपण हिंदीत बोललं की तो त्यांच्या भाषेत बोलतो. मी म्हटलं, "विचार तिला. अर्धाच कामून देती?"

"आजी, असं विचारतात का?"

"विचार तू!"

मोबाईल बोलला. मुहब्बत-आपाचे डोळे मोठे झाले. तिनं किटली खाली ठेवली आणि मोबाईलच्या तोंडाशी तोंड नेऊन बराच वेळ बोलली. मोबाईलनं आम्हाला जे सांगितलं ते असं: ज्याचा मान ठेवायचा त्याला चहा थोडा द्यायचा. तो संपतो, मग तो पुन्हा मागतो, पुन्हा द्यायचा, गरम गरम. म्हणजे तो बसतो, गप्पा होतात. ज्याला घालवायचं असतं त्याचा पियाला भरायचा. पी आणि निघ.

मी माझ्या कपाळाला हात लावला. मुहब्बत-आपानं मोबाईल पुन्हा ओढला. तिला विचारायचं होतं. "तू मला एवढा मोठा भरून दिलास. मी काय चुकले होते?" आणि मग, थोडं थांबून, "या पोरी आल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनीही मला भरून दिला. मला वाटलं, अभ्यास करणाऱ्या पोरी आहेत, म्हातारीनं मधे मधे येऊ नये. म्हणून मी येणं बंद केलं."

स्नेहल "माय माय माय" करत खाली बसली. मी हसले, मुहब्बत-आपा हसली, तिचे सोन्याचे दात उन्हात चमकले. गौरी हसली न्हाई. ती पियाल्याच्या तळाकडं बघत होती. मग तिनं पियाला हळूच पुढं केला. आपानं तिला दिला, पुन्हा अर्धाच.

नांदेडचे नऊ दिवस

आमच्या घरात एक गोष्ट पन्नास वर्षं सांगितली जाते. सतराव्या वर्षी अज्जीला नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, ती हॉस्टेलवर राहायला गेली, पण साथ आली, हॉस्टेल बंद पडलं, आणि बिचारीचं शिक्षण राहिलं. दरवर्षी साथ वाढत गेली. बसवराजच्या लग्नात मी स्वतःच सांगितलं की चार पोरी दगावल्या.

साथबीथ काही नव्हती. त्या संध्याकाळी मी गौरीला खरं सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगते.

ती सतरा वर्षांची शांता, म्हणजे मी, निलंग्याहून एसटीनं नांदेडला गेली. दोन वेण्या, पत्र्याची पेटी आणि नाकावर तोरा. मेसमध्ये पहिल्या दिवशी पंगत बसली. वाढणाऱ्या बाईनं दोन पोळ्या टाकल्या, पुढं गेली, परत येताना विचारलं, "आणखी?" शांता म्हणाली, "नको." आता आमच्या घरी पहिला नको म्हणजे रीत. दुसरा नको म्हणजे लाज. तिसऱ्यांदा आग्रह झाला की ताटावर आडवा धरलेला हात बाजूला घ्यायचा. त्या बाईला शंभर पोरींना वाढायचं होतं. ती पहिल्याच नकोला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शांतेला वाटलं, इथं आपण कोणाला नकोत. समोर किनवटची एक पोरगी बसायची, ती ताट वाजवून मागायची, "मावशी, इकडं टाका! भात पण!" शांता तिला मनातल्या मनात हावरट म्हणायची आणि दोन पोळ्यांवर उठायची. रात्री पेटीतल्या शेंगा खायची. शेंगा सहाव्या दिवशी संपल्या. आठव्या दिवशी गोदावरीच्या घाटावर चक्कर येऊन बसली. नवव्या दिवशी एसटी धरली, आणि घरी येऊन वडिलांना, अण्णांना, सांगितलं की साथ आलीय.

अण्णांनी विश्वास ठेवला. आईनं, अव्वानं, ताट वाढलं आणि म्हटलं, "आणखी घे." शांता म्हणाली, "नको." अव्वानं पुन्हा म्हटलं, आणि त्या येड्या पोरीनं सात भाकरी खाल्ल्या. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. किनवटची हावरट पोरगी शिकली, मोठ्या दवाखान्यात मेट्रन झाली, मला एका लग्नात भेटली. तिथंही जिलेबी मागून घेत होती.

"म्हणजे तू जेवायला मागितलं न्हाईस म्हणून शिक्षण सोडलंस?" गौरी म्हणाली.

"हाव."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. आता हसायचं असलं तर हास."

ती हसली न्हाई. गोधडीचा कोपरा पिळत बसली आणि मग सांगायला लागली. तिसऱ्याच आठवड्यात शरीररचनेच्या वर्गात सरांनी तिच्या हातात कवटीतलं एक हाड दिलं आणि हे काय म्हणून विचारलं. तिला आलं न्हाई. सरांनी हाड तिच्या हातातून काढून शेजारच्या पोराला दिलं. बस. दुसऱ्या दिवशीपासून ती सर बोलावतील याची वाट बघायला लागली. बोलावलं न्हाई. मग वर्गच चुकवायला लागली. इथं चुकलेला प्रत्येक वर्ग भरून काढावा लागतो. सरांसमोर जाऊन, वेळ मागून, तो धडा एकटीनं म्हणून दाखवायचा. तो भरला न्हाई तर परीक्षेला बसता येत न्हाई. तिचे सोळा वर्ग राहिले होते.

"मग जा की मागायला."

"ते बोलवतील असं वाटलं गं."

शेवटी माझ्याच पोटच्या पोराची पोर.

बाक

पुढचे दोन हप्ते आम्ही रोज विद्यापीठात गेलो. जाड भिंतींची जुनी इमारत, बाहेर चिनारासारखी उंच झाडं, आतल्या बोळात औषधाचा उग्र वास. सरांच्या खोलीसमोर एक लाकडी बाक होता, त्यावर मी बसायची, स्वेटरवर शाल, शालीवर गौरीचा कोट. गौरी दारापर्यंत जायची, हात वर करायची आणि परत यायची. "आत कोणीतरी हाय." "उद्या जाते." "आज सर रागात हायत."

एकदा सर स्वतः बाहेर आले. पांढऱ्या मिश्या, हातात चहाचा पियाला. माझ्या कपाळावरच्या पट्ट्यांकडं पाहून त्यांनी मान लववली. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. "सर, ही माझी नात, हिला जरा..." एवढं बोलायला दखनी पुरली असती. गौरी माझ्याकडं बघत होती. मी तोंड मिटलं. सर गेले. अडुसष्ट वर्षांत मी इतका वेळ गप्प कधी बसले नव्हते.

आणि आता खरी गोष्ट, जी बसवराजला सांगितली न्हाई. गौरी दारातून परत फिरली की मला आतून बरं वाटायचं. घर तिच्यावाचून रिकामं झालं होतं. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, आली होती जवळ, शेतात भज्जी आणि आंबील घेऊन जायचं, त्यात ही नसणार. दुसरं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं आणि मी दिवसातून तीनदा ते चाचपायची. ती म्हणाली असती "अज्जी, चल घरी," तर मी कुठलंही कारण न विचारता तिला घेऊन निघाले असते, आणि गावात सांगायला एखादी साथही काढली असती.

संध्याकाळी मात्र ती मुहब्बत-आपाच्या चौथऱ्यावर बसून हाडं पाठ करायची. आपा चित्रावर बोट ठेवून आपल्या भाषेत नाव विचारायची, ही इंग्रजीत सांगायची, चुकली की आपा नुसती जीभ वाजवायची. आपाला त्यातलं काही कळत नव्हतं. पण चुकलेलं बरोबर ओळखायची, गौरीच्या तोंडावरून.

निघायचा दिवस

गाडी दुपारची होती. सकाळी उठले तर गौरीची बॅग दाराशी भरून ठेवलेली. वर कोट. मी पर्समधलं तिचं तिकीट पुन्हा चाचपलं. नाष्ट्याला तिनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला, मीठ जास्त पडलं होतं, मी दोनदा घेतला.

"अज्जी, मी एकदा सरांकडं जाऊन येते. दहाला परत येते," ती म्हणाली आणि गेली. कोट विसरून.

दहा वाजले. स्नेहलनं फोन लावला. बंद. हाडांच्या वर्गात जाताना फोन बाहेर जमा करतात, ती म्हणाली. नुसतं दारातून परत यायचं असतं तर फोन कशाला जमा केला असता? की कुठं रस्त्यात रडत बसली होती? साडेदहा. टॅक्सी येऊन उभी राहिली. मी अंगणात फेऱ्या मारत होते. द्राक्षाच्या मांडवाला आता एक पान उरलं नव्हतं.

"आजी, मी जाऊन बघून येऊ का तिला?" स्नेहल म्हणाली. "दहा मिनिटांत घेऊन येते."

मी हाव म्हणायला तोंड उघडलं. आणि म्हटलं, "नको. बस इथं."

तेवढ्यात मुहब्बत-आपा आली. हातात दोन नान, नुकतेच तंदुरातून काढलेले. स्नेहलच्या मोबाईलनं सांगितलं की इथं कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की त्यानं नानचा एक घास चावायचा. उरलेला नान घरात खिळ्याला टांगून ठेवतात. माणूस परत येईपर्यंत कोणी त्याला हात लावत न्हाई. अर्धं अन्न घरी राहिलंय म्हटल्यावर ते खायला माणसाला यावंच लागतं.

तिनं पहिला नान माझ्या तोंडापुढं धरला. माझ्या कवळीची आणि समरकंदच्या नानची ताकद सारखीच निघाली. मी मान वाकडी करकरून एक तुकडा तोडला, कवळी हलली, आपानं डोळे पुसता पुसता हसून घेतलं. मग ती दुसरा नान घेऊन इकडं तिकडं बघायला लागली. दाराशी दोन बॅगा होत्या. दोन माणसं निघणार हे तिला ठाऊक होतं.

टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

मी तिच्या हातातून दुसरा नान घेतला. गरम होता, पदरात धरावा लागला. गौरीची बॅग उचलून आत खोलीत नेली, पलंगाखाली सरकवली. नान टेबलावर तिच्या पुस्तकांशेजारी ठेवला, नक्षी वर करून, आणि स्नेहलचा मोबाईल तोंडापाशी धरून मुहब्बत-आपाला सांगितलं,

"हा टांगायचा न्हाई. हा खायचा हाय. पोरगी संध्याकाळी भुकेली येईल."